भिक्षुगीतेतील क्षमा आणि सहकार्याचे सुख

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात श्रीकृष्णचक्रवर्ती आणि उद्धवदेव ह्यांचा जो संवाद आला आहे, त्यात बाविसाव्या अध्यायाच्या शेवटी उद्धवदेवांनी एक अत्यंत प्रांजळ प्रश्न विचारला आहे. दुर्जनांनी केलेला अपमान सहन कसा करावा, हा तो प्रश्न होय. जे धर्म जाणतात, ज्यांचे अध्ययन मोठे आहे, अशा पुरुषांनाही ही गोष्ट दुष्कर वाटते, असे उद्धवदेव सांगतात. प्रश्नकर्ता सामान्य नाही. ज्ञानाचे अनेक प्रांत ऐकून झाल्यानंतर त्याने हा प्रश्न विचारला आहे. ह्यावरून एवढे निश्चित होते की, तत्त्व समजणे निराळे आणि कोणी अपशब्द बोलला असता मन स्थिर राहणे निराळे. पहिले साध्य झाले म्हणून दुसरे आपोआप साध्य होत नाही.

भगवंतांनीही उद्धवदेवांची ही अडचण लहान मानली नाही. बाणाची जखम सोसवते, परंतु दुष्टाच्या कठोर शब्दाने झालेली जखम अधिक खोल जाते, असे मान्य करूनच त्यांनी उत्तरास आरंभ केला आहे. ते उत्तर सिद्धांताच्या रूपाने न देता त्यांनी अवंती देशातील एका ब्राह्मणाची कथा सांगितली. तेविसाव्या अध्यायात आलेली ही कथा व तीतील गाथा भिक्षुगीता ह्या नावाने प्रसिद्ध आहे. क्षमा ही दुसऱ्यावर केलेली कृपा, असा सर्वसाधारण समज असतो. ह्या कथेचे नीट मनन केले असता मात्र असे दिसून येते की, क्षमेने प्रथम सुटका होते ती क्षमा करणाऱ्याची. आणि ही सुटका स्थिर होते ती पुन्हा माणसांत मिसळून, त्यांच्या हाताला हात लावून काम केल्याने. ह्या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कोणता, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

अवंतीच्या ब्राह्मणाची कथा

अवंती देशात एक ब्राह्मण होता. शेती आणि व्यापार ह्यांच्या योगाने त्याने विपुल धन मिळविले होते; परंतु तो कमालीचा कृपण, लोभी आणि रागीट होता. आप्तांना, अतिथींना द्रव्याने संतुष्ट करणे तर दूरच, गोड शब्दानेही त्याने कोणाला सुखविले नाही. घरातील स्त्रीपुत्र, भाऊबंद, सेवक ह्या सर्वांना तो नकोसा झाला. पुढे त्याचे धन गेले. काही आप्तांनी घेतले, काही चोरांनी नेले, काही राजाकडे गेले, काही दैवाने व काळाने नाहीसे केले. धन जाताच स्वजनांनी त्याच्याकडे पाठ फिरविली.

कथेचा हा पूर्वभाग पुष्कळदा घाईने वाचला जातो; कारण वाचकाचे लक्ष पुढच्या वैराग्याकडे लागलेले असते. परंतु क्षमेच्या दृष्टीने ह्या भागाला फार मोल आहे. ह्या ब्राह्मणाला तक्रारीस भरपूर जागा होती. आप्तांनी त्याचे धन खरोखरीच घेतले होते. संकटात त्याला खरोखरीच टाकले होते. ह्याच गोष्टी उगाळीत तो उरलेले आयुष्य काढता, तर लोकांनी त्याला दोष दिला नसता. त्याने मात्र दृष्टी आत वळविली. अर्थामुळे कोणकोणते अनर्थ उत्पन्न होतात, ह्याची त्याने पंधरांची गणना केली. त्या पंधरांत चोरी, हिंसा, असत्य ह्यांच्या बरोबरीने भेद, वैर, अविश्वास आणि स्पर्धा ही चार नावे आहेत. ह्या चारही गोष्टी माणसा-माणसातील सहकार्य तोडणाऱ्या आहेत. काकिणीएवढ्या क्षुल्लक नाण्यापायी भाऊ, स्त्री, पिता, मित्र असे एका जिवाचे झालेले लोकही क्षणात वैरी होतात, हेही तो बोलून दाखवितो.

ज्याने हे ओळखले, त्याला आपल्या आप्तांवर रोष धरणे कठीण झाले. त्यांचा हात आखडला हे खरे, परंतु त्याआधी आपलाच हात आखडला होता, हे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्याच्या अपराधाबरोबर आपला वाटाही दिसू लागला, म्हणजे क्रोधाचा अर्धा जोर तेथेच ओसरतो. क्षमेची पहिली पायरी ही होय.

अपमानाची परीक्षा

वैराग्य उत्पन्न झाल्यावर तो ब्राह्मण भिक्षू झाला आणि मौन धरून पृथ्वीवर अटन करू लागला. आता तरी लोकांनी त्याला सुखाने राहू द्यावे की नाही? परंतु परीक्षेचा खरा काळ येथूनच सुरू झाला. गावोगावचे लोक त्याला ओळखून छळू लागले. कोणी त्याचा दंड ओढून घेई, कोणी पात्र, कोणी आसन, कोणी चिंध्यांचे वस्त्र. देऊ केल्यासारखे करून ते पुन्हा हिसकावीत. नदीकाठी तो भिक्षान्न सेवू लागला की ते अन्न विटाळून टाकीत. तो बोलत नाही असे पाहून त्याला बोलण्यास भाग पाडीत. न बोलल्यास मारीत. कोणी दोरीने बांधीत. धन गेले, आप्तांनी टाकले, म्हणून ह्याने हे सोंग घेतले आहे. बगळ्यासारखा हा मौन धरून बसला आहे, असे म्हणून त्याची थट्टा करीत.

भिक्षावृत्तीने राहणाऱ्या साधकाला ह्या वर्णनातील एकही गोष्ट अनोळखी वाटणार नाही. भिक्षेस गेले असता दार लावून घेणारे घर, वेषाकडे पाहून केलेला विनोद, बसस्थानकावर ऐकू येणारा टोमणा ह्यांचा अनुभव अटन करणाऱ्याला आयुष्यात केव्हा ना केव्हा येतोच. भिक्षूने अशा प्रसंगी काय केले? त्याने मनाशी एक शोध आरंभिला. हे दुःख मला कोण देत आहे, असे त्याने स्वतःला विचारले आणि एकेक संशयिताला पुढे आणून त्याची तपासणी केली. लोक, देवता, आत्मा, ग्रह, कर्म आणि काळ अशी सहा कारणे त्याने विचारात घेतली आणि सहाही नाकारली. ज्याच्या योगाने संसाराचे हे चक्र फिरते ते मन हेच दुःखाचे खरे कारण, असा त्याने निर्णय केला. दान, स्वधर्माचरण, नियम, अध्ययन ह्या सर्व साधनांचे पर्यवसान मनाच्या निग्रहात होते, असे त्याचे सांगणे आहे.

ह्या तपासणीत त्याने दिलेला एक दृष्टांत विशेष मननीय आहे. जेवताना आपल्याच दातांनी आपली जीभ चावली गेली, तर कोणावर रागवावे? वेदना खरी असते. दात दोषी आहेत, हेही खरे. तरीही कोणी दात पाडून टाकीत नाही. दात आणि जीभ एकाच देहाचे आहेत आणि दुसरा घास घ्यावयाचा तर दोघांनाही एकत्र काम करणे प्राप्त आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. भिक्षूने हा दृष्टांत क्षमेसाठी योजिला. परंतु त्यात सहकार्याचे बीजही आहे. चावल्यानंतर जीभ काही काळ जपून राहते, आणि पुन्हा त्याच दातांच्या मध्ये वावरू लागते. जेवण चालू राहण्याचा दुसरा मार्ग नाही.

जीवाचे सुख आणि परमेश्वराचा आनंद

येथे एक शंका संभवते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परांहून भिन्न आहेत; जीव हा अविद्येने बद्ध आहे; आणि खरा आनंद परमेश्वरापासूनच प्राप्त होतो, असा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या शास्त्राचा सिद्धांत आहे. असे असता क्षमेने सुख होते, ह्या म्हणण्याला काय अर्थ राहतो?

ह्याचे समाधान असे की, क्षमेने प्राप्त होणारे सुख हा मोक्ष नव्हे, आणि तसा दावाही कोणी करू नये. परंतु ज्याच्या चित्तात एखाद्याविषयीचा रोष घर करून राहिला आहे, त्याच्या चित्तात स्मरणास जागा कोठून मिळणार? नामस्मरणास बसलेला साधक जर मनात कालच्या भांडणातील प्रत्युत्तरे जुळवीत असेल, तर त्याच्या जिभेवर नाम असले तरी चित्तात अपराधीच बसलेला असतो. आचारमार्गात विकार आणि विकल्प ह्यांपासून सावध राहण्यास सांगितले आहे ते ह्याचसाठी. सहवासातील दुसऱ्या साधकाविषयी वाकडा तर्क मनात रुजला, म्हणजे तो तर्क त्या साधकाचे काही बिघडवो वा न बिघडवो, तर्क करणाऱ्याची साधना मात्र निश्चित बिघडवितो. क्षमेचे सुख म्हणजे ही जागा मोकळी होणे. घर स्वच्छ केल्याने पाहुणा येतोच असे नाही. परंतु तो आला असता त्याला बसण्यास ठिकाण असते.

अपराधांची गणती कोणी ठेवावी?

भिक्षुगीतेच्या जोडीस श्रीकृष्णचरित्रातील दुसरा एक प्रसंग ठेवून पाहण्यासारखा आहे. चेदिराज शिशुपाल हा श्रीकृष्णाच्या आतेचा, श्रुतश्रवेचा मुलगा. त्याचा मृत्यू श्रीकृष्णाच्या हातून होणार, हे कळल्यावर त्या मातेने पदर पसरला. आणि तिच्या शब्दासाठी शिशुपालाचे शंभर अपराध सोसण्याचे वचन भगवंतांनी दिले. पुढे इंद्रप्रस्थात युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात भीष्मांच्या सल्ल्याने श्रीकृष्णास अग्रपूजेचा मान मिळाला. तेव्हा शिशुपालाने भर सभेत निंदेचा भडिमार केला. वचनाची मर्यादा संपली आणि सुदर्शनाने त्याचा शेवट केला. त्याच्या देहातून निघालेले तेज श्रीकृष्णातच प्रविष्ट झाले, असे भागवतकार सांगतात.

ह्या कथेचा आधार घेऊन पुष्कळ लोक म्हणतात की, देवानेही शंभरच अपराध सोसले. मग माणसाने किती सोसावे? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु त्यात एक मोठी चूक आहे. शंभरांची ही गणती ज्याने ठेवली, त्याच्या ठायी द्वेष नव्हता. मोजणाऱ्याचे चित्त मोजण्याने मलिन झाले नाही. म्हणूनच ज्याला दंड झाला तोही शेवटी त्याच्याच स्वरूपाकडे गेला. जीवाची गोष्ट निराळी. जीव अपराध मोजू लागला की प्रत्येक आकड्याबरोबर त्याचा द्वेष वाढतो, आणि मोजलेल्या अपराधांत न घडलेल्यांचीही भर पडते. शंभर पुरे होण्याची वाट पाहणारा माणूस नव्याण्णव वेळा क्षमा करीत नसतो. तो नव्याण्णव वेळा शिक्षेची तयारी करीत असतो. गणती परमेश्वराकडे सोपवावी आणि आपण वहीच ठेवू नये, हा ह्या कथेचा साधकाने घ्यावयाचा अर्थ होय.

मात्र वही न ठेवणे म्हणजे अन्यायाला मान तुकविणे नव्हे. एका लीळेत पारध्यांनी पाठलाग केलेला ससा सर्वज्ञांच्या आश्रयास आला, तेव्हा स्वामींनी त्याला पारध्यांच्या हाती दिले नाही. त्याचबरोबर पारध्यांना शापही दिला नाही. त्यांच्याशी बोलून, त्यांचे मन वळवून सशाला अभय दिले. ज्याचे रक्षण करावयाचे त्याचे रक्षण झाले आणि ज्याच्यापासून करावयाचे त्याच्याविषयी मनात कटुता राहिली नाही. वासनिकांनीही हाच विवेक ठेवावा. घरात कोणाचा छळ होत असेल, कोणी दुर्बळाची जमीन बळकावीत असेल, तर पंचांकडे वा न्यायालयात जाणे हे क्षमेच्या विरुद्ध नाही. मारहाण सोसणाऱ्या सुनेला क्षमेचा उपदेश करून त्याच घरात डांबून ठेवणे हा तर क्षमेचा अपमान होय. आधी तिला सुरक्षित करावे. तिच्या मनातील काटा निघण्यास त्यानंतरचा काळ आहे, आणि तो काढण्याचा अधिकारही तिचाच आहे.

एका कवीने ऐकलेला दोष

वर उल्लेखिलेल्या दोन्ही कथा एकाच महानुभाव कवीने मराठीत आणल्या आहेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. भास्करभट्ट बोरीकर ह्यांनी शिशुपालवध रचला, आणि एकादश स्कंधावर उद्धवगीता रचली. पंथातील साती ग्रंथांत ह्या दोहोंचा समावेश होतो. परंपरा असे सांगते की, शिशुपालवध ऐकून एका ज्येष्ठाने ग्रंथ चांगला उतरल्याचे मान्य केले. परंतु त्यातील शृंगारामुळे निवृत्तिमार्गी साधकाच्या उपयोगाचा तो नाही, असा अभिप्राय दिला. ज्याने एका मोठ्या काव्यासाठी जीव ओतला, त्याला हा शब्द केवढा लागला असेल!

ह्या प्रसंगी कवीपुढे दोन वाटा होत्या. अभिप्राय देणाऱ्याच्या रसिकतेवर शंका घेता आली असती. आपल्या काव्याचे समर्थन करणारे लोक जमविता आले असते. एका ग्रंथावरून पंथात दोन तट पडण्यास तेवढे पुरेसे होते. बोरीकरांनी दुसरी वाट धरली. दोष सांगणाऱ्याला त्यांनी विरोधक न मानता सहकारी मानले आणि निवृत्तांच्या उपयोगाचा ग्रंथ रचण्यास बसले. त्यातून उद्धवगीता निर्माण झाली. ज्या स्कंधात अपमान सोसणाऱ्या भिक्षूची कथा आहे, त्याच स्कंधाकडे हा कवी वळावा, ह्यात मोठे औचित्य आहे. पुढे ते कवीश्वर ह्या नावाने आचार्यपदाला पोचले, आणि कवीश्वर आम्नाय त्यांच्याच नावाने आजही ओळखला जातो. एक कठोर शब्द पचविल्याने मराठी भाषेला एक ग्रंथ अधिक मिळाला.

भिन्न स्मृतींचा एक ग्रंथ

क्षमेतून सहकार्य कसे उभे राहते, ह्याचे ह्याहूनही मोठे उदाहरण लीळाचरित्राच्या जन्मकथेत आहे. सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर शिष्यपरिवारावर दुःखाचा डोंगर कोसळला. श्रीनागदेवाचार्य आणि इतर मंडळी ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहिली. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा लिहून ठेवण्याचे कार्य हाती घेतले. हेच म्हाइंभट एकेकाळी विद्येच्या अभिमानाने स्वामींशी वाद करण्यास आले होते. वादासाठी आलेला पंडितच पुढे स्वामींचा चरित्रकार झाला. आणि त्याच्या पूर्वीच्या अभिमानाची आठवण ठेवून त्याला कोणी दूर सारले नाही.

म्हाइंभटांनी लीळा केवळ स्वतःच्या स्मरणाने लिहिल्या नाहीत. ज्याच्यापाशी जी आठवण होती ती त्याच्याकडे जाऊन मिळविली आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतली. आता एकच प्रसंग पाहिलेल्या चार माणसांच्या आठवणी चार प्रकारच्या असतात, हा सर्वांचा अनुभव आहे. प्रिय व्यक्तीच्या आठवणींबाबत तर माणूस अधिकच हट्टी असतो. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचे शेवटचे शब्द कोणते, ह्यावरून सख्खे भाऊ भांडतात. येथे तर प्रश्न परमेश्वरावताराच्या शब्दांचा होता. तरीही लीळाचरित्रात एका लीळेसंबंधी निरनिराळ्या स्मर्त्यांचे भिन्न पाठ वासना म्हणून नोंदविलेले आढळतात. एकाला खरे ठरविण्यासाठी दुसऱ्याची आठवण पुसून टाकली गेली नाही. पुढील काळात पाठांचे जतन करण्यात स्त्रियांचाही मोठा वाटा होता. हिराइसेच्या नावाने ओळखला जाणारा पाठ ह्याची साक्ष देतो.

मराठी गद्याच्या आरंभकाळातला हा थोर ग्रंथ असा अनेकांच्या हातांनी सिद्ध झाला आहे. तुझी आठवण माझ्याहून वेगळी असली तरी तू खोटा नाहीस, हा भाव त्याच्या पानापानांमागे आहे. मोठ्या अपराधांची क्षमा आयुष्यात क्वचित करावी लागते. परंतु दुसऱ्याच्या वेगळेपणाची क्षमा मात्र रोजच करावी लागते. हीच क्षमा सहकार्याचा पाया होय.

शब्दाने केलेली जखम

पंथाच्या इतिहासात अपमानाचा अध्यायही आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सकळी लिपीत व इतर सांकेतिक लिप्यांत ठेवले. ग्रंथांचे पावित्र्य आणि रक्षण हा त्यामागील हेतू होता. परंतु जे कुलूपबंद असते त्याविषयी बाहेरच्यांचे तर्क वाढतात. महानुभाव ह्या थोर नावाचा लोकभाषेत मानभाव झाला, आणि त्यापासून बनलेला मानभावी हा शब्द ढोंगी ह्या अर्थाने रूढ झाला. करणी कसाबाची, बोलणी मानभावाची, अशी म्हणही प्रचारात आली. अवंतीच्या भिक्षूला लोकांनी ज्या आरोपाने हिणविले, तोच हा सोंगाचा आरोप.

शतकानुशतके हा शब्द ऐकणाऱ्यांनी जगाकडे पाठ फिरविली असती तर नवल नव्हते. परंतु विसाव्या शतकात पंथातील जाणत्या महंतांनी आपली पोथ्यांची भांडारे अभ्यासकांसाठी उघडली. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते ह्यांच्यासारख्या संशोधकांनी त्या ग्रंथांचे मोल महाराष्ट्रापुढे मांडले. जो समाज हिणवीत होता त्याच समाजातील विद्वानांच्या हाती पोथी देणे, ही मनात कटुता धरणाऱ्याला न जमणारी गोष्ट आहे. ह्या सहकार्याचे फळ दोन्ही बाजूंना मिळाले. पंथाविषयीचे गैरसमज पुष्कळ अंशी दूर झाले, आणि मराठीला आपले आद्य गद्य गवसले. २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा तिच्या प्राचीनत्वाच्या प्रमाणांत लीळाचरित्राचे नाव अभिमानाने घेतले गेले. मराठी भाषा विद्यापीठासाठीही ऋद्धिपूर हेच स्थान निवडले गेले. दार बंद ठेवून हा मान मिळाला नसता.

बांध आणि सावड

वासनिकांच्या जीवनात ह्या विचाराचे रूप अधिक साधे असते. खेड्यात दोन शेजाऱ्यांचा बांधावरून वाद होतो. नांगराच्या एका तासाचा प्रश्न असतो. बोलणे बंद होते. पूर्वी दोघे एकमेकांच्या शेतात सावडीने राबत. पेरणीच्या दिवसांत एकाचे बैल दुसऱ्याच्या कामी येत, मोठ्या कामाला इर्जिक घातली जाई. आता दोघेही मजूर शोधीत हिंडतात. वाफसा निघून जातो, पेरणी मागे पडते. ज्या वीतभर जमिनीसाठी वाद झाला तिच्यातील पिकापेक्षा वादाने झालेली हानी कितीतरी अधिक असते. त्याहून मोठी हानी दिसत नाही. शेजारी समोरून आला की वाट बदलावी लागते. त्याच्या घरी मंगलकार्य असले की आपल्या घरी उदासी येते. स्वतःच्या शेतात उभा राहूनही माणूस दुसऱ्याच्या शेताकडे डोळे लावून बसतो. बांध शेतात राहत नाही, तो मनात येतो.

अशा वेळी मोजणी करून हद्द कायम करावी हे योग्यच. परंतु मोजणीने जमिनीचा प्रश्न सुटतो, मनाचा नव्हे. मनाचा प्रश्न ज्या दिवशी एकजण दुसऱ्याच्या खळ्यावर न बोलावता कामाला जातो त्या दिवशी सुटू लागतो. केवळ शब्दाने केलेली क्षमा पुष्कळदा अर्धी राहते. मी तुला क्षमा केली, असे म्हणणारा नकळत उंच जागी उभा राहतो आणि ऐकणारा खाली. एकाच ओझ्याला दोघांनी हात लावला म्हणजे हा उंचसखलपणा नाहीसा होतो. मठात, आश्रमातही हेच दिसून येते. यात्रेच्या पंगतीत ज्यांच्यात अबोला आहे अशा दोघांनी एकत्र वाढण्यास उभे राहावे. शेवटची पंगत उठेपर्यंत अबोल्याचे कारण बव्हंशी विरून गेलेले असते.

परस्परांस दंडवत करण्याची जी रीत पंथात आहे, तिचाही उपयोग येथे ध्यानात घ्यावा. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्यालाही दंडवत करावाच लागतो. आरंभी तो केवळ देहाचा असतो. परंतु मस्तक रोज ज्याच्यापुढे लवते त्याच्याविषयी मन फार काळ ताठ राहू शकत नाही. आणि राहिले, तर ती विसंगती साधकाला स्वतःलाच बोचू लागते.

साधकाने धरावयाचा क्रम

एवढ्या विवेचनावरून आचरणाचा एक क्रम हाती येतो. प्रथम, जे घडले ते खरे मानावे. भिक्षूने आपला छळ झाला नाही असे म्हटले नाही. दुःख नाकारणे म्हणजे क्षमा नव्हे. दुसरे, घडलेल्या गोष्टीत आपला वाटा असेल तर तो शोधावा. नसेल तर उगाच ओढून आणू नये. तिसरे, दुःखाचा जो भाग घटनेचा आहे तो निराळा करावा आणि जो भाग मनाने रोज नव्याने निर्माण केलेला आहे तो निराळा करावा. घटना एकदाच घडलेली असते. आठवण करून करून मन ती शंभरदा घडविते. चौथे, अपराधांची गणती परमेश्वराकडे सोपवावी. पाचवे, जेथे धोका नाही तेथे त्या व्यक्तीबरोबर करता येईल असे एखादे लहान काम शोधावे आणि त्याचा गाजावाजा न करता ते करावे.

हा क्रम एका दिवसात पुरा होत नाही. कित्येकदा तिसऱ्या पायरीवरून मन पुन्हा पहिलीवर येते आणि जुना राग नव्याने उफाळतो. त्यामुळे आपली क्षमा खोटी होती, असे समजून साधकाने खचू नये. ज्या मनाला अनंत जन्मांची वळणे पडलेली आहेत ते एका निश्चयाने सरळ होत नाही. अवंतीच्या भिक्षूनेही आपली गाथा एकदाच म्हटली नाही. ती गात गात तो पृथ्वीवर अटन करीत राहिला, असे भगवंतांनी उद्धवदेवांना सांगितले आहे. छळणारे लोक बदलले, असे मात्र कथेत कोठेही म्हटलेले नाही. ते होते तसेच राहिले. सुखी झाला तो भिक्षू; कारण त्यांच्या हातातले आपले सुख त्याने परत घेतले होते.